जड गॅस

बाबांना जाऊन तेवीस दिवस झाले होते, आणि दादा नि मी बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, एका तुकड्याभोवती उकिडवे बसून कोणती ज्योत चांगली यावर वाद घालत होतो. त्या वादाच्या निकालावर माझ्या भावाचा जीव टांगलेला आहे, हे तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. माहीत होतं ते एकट्या बाबांना, आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

आमचं वर्कशॉप घराला लागूनच आहे. स्वयंपाकघरातलं एक दार उघडलं की तीन पायऱ्या खाली, आणि समोर ते सगळं: उंच पन्हळी पत्र्याचं छप्पर, पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये हातभर मोकळी फट, मागे अंगणात उघडणारं मोठं दार, आणि बरोबर मध्यभागी खड्डा. छातीइतका खोल, आतून विटांनी बांधलेला. वर लोखंडी तुळई, तिला चेनपुली. जड वस्तू पुलीनं उचलायची आणि खड्ड्यात सोडायची, खाली कोळसा पेटवायचा, म्हणजे ती सगळीकडून सारखी तापते आणि काम करणाऱ्याच्या हाताच्या उंचीवर राहते. काम झालं की वरून राख टाकायची, पत्रे झाकायचे आणि दोन दिवस तिकडे फिरकायचं नाही. बीड एकीकडून तापलं तर तडकतं, घाईनं निवलं तरी तडकतं. "पोलाद वाकतं, बीड तुटतं," बाबा म्हणायचे, "म्हणून बिडाशी बोलताना आवाज चढवायचा नाही."

आता त्या खड्ड्यात शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपाचं केसिंग, म्हणजे बाहेरचं बिडाचं कवच, बसलं होतं. शंखासारखं, दोन माणसांच्या कवेत न मावणारं. आतली जीभ, म्हणजे जिथे पाणी फिरून बाहेर वळतं तो काठ, वाळूनं खाऊन कागदासारखी पातळ झालेली. बाबांनी हे काम शेवटच्या आठवड्यात घेतलं होतं. मग छातीत दुखायला लागलं आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं. पंपहाऊसचे साहेब भेटायला आले, दोन मिनिटं हात जोडून उभे राहिले आणि निघताना दादाला म्हणाले, "दुसरा पंप एकटाच चालतोय. तो बसला तर अर्धं गाव माझ्या दारात. सोमवारपर्यंत द्या." बाबा नसताना दादाच्या हाती आलेलं हे पहिलंच काम. हे बिघडलं असतं तर लोकांनी दुसरं दिलं नसतं.

काम करण्याची पद्धत अशी. वेल्डिंगच्या टॉर्चच्या डोक्यावर एक लहानशी वाटी असते, तिच्यात निकेलची पावडर. अंगठ्यानं खटका दाबला की पावडर ज्योतीत पडते आणि ज्योतीबरोबर बिडावर जाऊन बसते. आधी खरखरीत, पिठासारखी. मग ज्योत जवळ आणली की तिला घाम फुटल्यासारखी चकाकी येते आणि ती पसरते, बिडाला धरते. बिडाला वितळू द्यायचं नाही, पावडरीला वितळवायचं. सगळी कला त्या मधल्या फटीत. बाबांचा नियम साधा होता. पावडरीला ॲसिटिलीन, तापवायला कोळसा, आणि एलपीजी वर्कशॉपच्या उंबऱ्याच्या आत नाही. कुणी विचारलंच तर म्हणत, "एलपीजीची ज्योत आळशी. आमच्याकडे आळशाला जागा नाही."

गॅसवाला हे वाक्य वीस वर्षं ऐकत आला होता. ठेंगणा, गोल, सतत घामेजलेला माणूस. बाबांच्या जाण्यानं त्याला खरंच वाईट वाटलं होतं, पण दादानं एलपीजीचा सिलिंडर मागितल्यावर त्याला आपलं समाधान लपवता आलं नाही.

"बघा, वीस वर्षं दारातूनच परत पाठवलं मला यांनी," तो सिलिंडर बुडावर गोल फिरवत आत आणताना म्हणाला. "आता आलो की नाही आत?"

"आलास तो आलास, पण ॲसिटिलीनला धक्का लावू नकोस," दादा म्हणाला.

"मला शिकवता? ॲसिटिलीनचा सिलिंडर आणि घरजावई, दोघांना आडवं होऊ द्यायचं नाही. आडवं झालं की संपलं." तो स्वतःच हसला. मग भिंतीवरच्या बाबांच्या फोटोला त्यानं हात जोडले. "नळी कुठली लावणार? एलपीजीची वेगळी येते. उद्या देऊ?"

"आहे आमच्याकडे ॲसिटिलीनची लाल नळी. दोन दिवसांचं तर काम."

"तुमची मर्जी," गॅसवाला म्हणाला.

त्या दिवशी दादानं दोन्ही गॅस पारखले. टाकून दिलेल्या बिडाच्या एका तुकड्याला मध्ये खडूची रेघ मारली. एका बाजूला एलपीजीवर पावडर मारली, दुसऱ्या बाजूला ॲसिटिलीनवर. एलपीजीची ज्योत मोठी, पसरट, निळसर. पावडर तिच्यातून अर्धीकच्ची जाऊन बसली, वाळू चिकटवल्यासारखी. थंड झाल्यावर दादानं नखानं खरवडली तर पापुद्रा निघाला. ॲसिटिलीनच्या ज्योतीला मध्ये टोकदार पांढरा सुळका होता. तिथली पावडर आरशासारखी झाली. छिन्नी मारली तरी हलली नाही.

"बाबांचं बरोबर होतं," मी म्हणाले.

"बाबांचं अर्धं बरोबर होतं," दादा म्हणाला. "पावडरीला ॲसिटिलीन, मान्य. पण एवढं मोठं धूड तापवायला? पोतंभर कोळसा उरलाय. कोळसेवाला मंगळवारी येतो. मंगळवारी पेटवायचं तर काम शुक्रवारवर गेलं. त्यापेक्षा खड्ड्यात एलपीजीचा गोल बर्नर ठेवतो, दोन तासांत तापतं. किडे, ते पुस्तक वाच बरं मोठ्यानं."

मला तो लहानपणापासून किडे म्हणतो. पुस्तकी किड्यातलं पुस्तक कधीतरी गळून पडलं, किडा राहिला. मी दुसऱ्या शहरात एका प्रकाशनाकडे मुद्रितशोधनाचं काम करते; बाबा गेले तेव्हापासून रजेवर इथे होते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते. या कामाची एक सवय लागते: जेवढा मजकूर समोर ठेवला असेल तेवढाच वाचायचा, पण अक्षर न् अक्षर. टॉर्चसोबत आलेल्या पुस्तिकेत 'इंधन वायूची निवड' असं एक प्रकरण होतं. ते मी त्याला वाचून दाखवलं. ॲसिटिलीन सर्वांत तापट, उष्णता ज्योतीच्या टोकाशी एकवटलेली, पावडरीसाठी उत्तम. एलपीजी पसरट, उष्णता बाहेरच्या झोतात जास्त, ऑक्सिजन जास्त खाणारा, मोठ्या वस्तू आधी तापवून घेण्यासाठी सोयीचा.

"म्हणजे तापवायला हा आणि पावडरीला तो."

"असंच लिहिलंय."

"मग चालेल?"

"पुस्तकाप्रमाणे चालेल," मी म्हणाले आणि पुस्तिका मिटली.

ते प्रकरण तिथेच संपत होतं. चार पानं पुढे एक चौकट होती, बारीक टाइपात. ती मी वाचली नाही. त्यानं जेवढं विचारलं होतं त्याचं उत्तर मिळालं होतं.

संध्याकाळी दादानं बर्नर खड्ड्यात ठेवून तासभर चालवून पाहिलं. केसिंगला हात लावता येईना इतकं ते तापलं. तो खूश होता. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मी त्याला शीळ घालताना ऐकलं. त्यानं बर्नरची कळ बंद केली, हात पुसले आणि वर आला. सिलिंडरचं चक्र बंद करायला तो थांबला नाही. यात निष्काळजीपणा नव्हता. त्या वर्कशॉपमध्ये सिलिंडर बंद करणं हे दादाचं काम कधी नव्हतंच. सकाळी आत पहिलं पाऊल बाबांचं आणि शेवटची किल्ली बाबांची, हे इतकी वर्षं चाललं होतं की दादाच्या हाताला ती हालचालच ठाऊक नव्हती. बाबा सकाळी एकटेच आत जात, सगळी दारं उघडत, दहा-पंधरा मिनिटं आत फिरत, आणि मग हाक मारत. दादाला वाटे हा त्यांचा मान आहे. मलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी उठले तेव्हा दादा स्वयंपाकघरात टेबलाशी पेपर वाचत बसला होता. त्याच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर, शेगडीवर दूध करपत होतं. उतू गेलं नव्हतं, बुडाशी लागलं होतं. मला तो वास जिन्यात आला होता. मी आत शिरले तेव्हा पातेल्यातून धूर निघत होता आणि दादा पान उलटत होता.

"दादा, दूध!"

त्यानं वळून पाहिलं, मग धूर पाहिला. "अरेच्चा," तो म्हणाला.

वहिनी न्हाणीघरातून धावतच आली, शेगडी बंद केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पेपरात डोकं घातलं की यांचं असंच. घराला आग लागली तरी क्रिकेटचं पान वाचून संपवतील."

"तुझ्या दुधापेक्षा बातम्या ताज्या असतात," दादा म्हणाला.

"वन्सं, बघा हं तुमचा भाऊ!" ती हसली. हसणं जरा घाईचं होतं. मी पातेल्यात पाणी घालत असताना तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं, जणू मी त्यात जास्त वेळ पाहिलं तर मला काहीतरी दिसेल.

मला आठवलं, दोन वर्षांपूर्वी दादाला लांबलेला ताप आला होता. तेव्हा फोनवर तो म्हणाला होता, चव नाही, वास नाही, सगळं पुठ्ठा खाल्ल्यासारखं लागतं. नंतर विचारलं तेव्हा म्हणाला, आलं सगळं परत. मी त्यावर पुन्हा विचार केला नव्हता. आताही पुरता केला असं नाही. एखाद्या पानावर काहीतरी चुकलंय हे कळतं, पण कुठे ते सापडत नाही, तसं झालं. दादा पेपर घडी करून खाली गेला. मी चहा ठेवला. चहाला उकळी येईपर्यंत मी तिथेच उभी होते, आणि मला एकाएकी कळलं की मी दुधाचा विचार करत नाहीये. मी विचार करतेय तो वर्कशॉपचा.

मी मधलं दार उघडलं. वरच्या पायरीवर वास अगदी पुसट होता, कुजलेल्या कोबीसारखा. दुसऱ्या पायरीवर वाढला. खालच्या पायरीवर पोचले तेव्हा माझ्या घशात आला.

मागचं मोठं दार बंद होतं. दादा खड्ड्याच्या काठावर पाय आत सोडून बसला होता. त्याच्या मांडीवर तारेला बांधलेला पत्र्याचा डबा होता आणि डब्यात मेणबत्ती.

हा डबा म्हणजे बाबांची रीत. कोळशाची भट्टी पेटली की खड्ड्यात वाईट हवा साचते. म्हणून उतरण्याआधी पेटती मेणबत्ती तारेनं खाली सोडायची. ज्योत नीट राहिली तर उतरायचं, मंदावली तर थांबायचं. कोळशासाठी ती रीत शहाणपणाची होती. बाबा गेल्यावर दादानं वर्कशॉपमधली एक वस्तू जागची हलवली नव्हती, एक रीत मोडली नव्हती. गॅस तेवढा बदलला होता. आणि आता तो, बाबांची आठवण ठेवून, गॅसनं भरलेल्या खड्ड्यात पेटती मेणबत्ती सोडायला बसला होता. त्याच्या हातात काडेपेटी होती. एक मोडलेली काडी त्याच्या शेजारी फरशीवर पडली होती. तो दुसरी काढत होता.

"दादा," मी म्हणाले. माझा आवाज शांत निघाला, मला त्याचं आजही नवल वाटतं. "काडी ओढू नकोस."

"का? आज वर्ज्य आहे?"

"वास येतोय."

"कसला?"

आणि मग त्यानं जे केलं ते मी विसरू शकत नाही. त्यानं मान खाली घातली, खड्ड्यावर वाकला आणि दोनदा दीर्घ श्वास घेऊन हुंगलं. मनापासून, काळजीपूर्वक, कामात मुरलेल्या माणसासारखं. मग माझ्याकडे पाहिलं.

"काही नाही," तो म्हणाला.

मी चालत गेले, धावले नाही. त्याच्या हातातली काडेपेटी घेतली. तो चिडून उभा राहिला. "काय चाललंय तुझं? थांब, तुला वास येतोय ना, पंखा लावतो." त्याचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला. मी त्याचं मनगट धरलं. इतक्या जोरात की दुसऱ्या दिवशी तिथे माझ्या बोटांचे वळ होते. "कसलंही बटण नाही," मी म्हणाले. "सिलिंडरला हात लाव. चक्र बघ."

त्यानं चक्राला हात लावला, आणि त्याचा चेहरा उतरला. चक्र उघडं होतं. त्यानं ते फिरवलं, फिरवतच राहिला, बंद झाल्यावरही. लाल नळी जिथे बर्नरला जोडली होती तिथे ती ॲसिटिलीनचीच जुनी नळी मऊ पडून फुगली होती. सगळी रात्र ती तिथून खड्ड्यात गॅस सोडत होती.

आम्ही मागचं दार हळूच ढकलून उघडलं आणि अंगणात येऊन बसलो. वहिनीला मी आतूनच सांगून आले की शेगडी बंद कर, मधलं दार ओढून घे आणि कुठलंही बटण दाबू नकोस. ती विचारत राहिली, पण तिनं तसं केलं. सकाळचं कोवळं ऊन होतं. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी उशा वाळत घालत होतं. आमच्या पाठीमागे काहीच दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं. ते तिथे होतं एवढंच. छातीइतकं खोल, काठोकाठ.

मी येताना पुस्तिका आणली होती. ती चौकट मी आता वाचली. हवेपेक्षा जड वायू खाली उतरतात. खड्डे, तळघरं, गटारं अशा जागी ते साचून राहतात. अशा जागी ते वापरू नयेत. ॲसिटिलीन हवेपेक्षा हलका असल्यानं वर जातो.

मी पत्र्याखालच्या त्या हातभर फटीकडे पाहिलं. ॲसिटिलीन तिथून निघून जात असे. एलपीजीला जायला वाट नव्हती.

"आता वाचतेस?" दादा म्हणाला.

"हो. आता वाचतेय."

त्यानं नाक पुसलं. मग म्हणाला, "मला सर्दी आहे."

"तुला सर्दी नाही."

"थोडासा येतो वास. धूर असला की येतो."

मी उठले. वर्कशॉपच्या बाहेर, भिंतीशी, रॉकेलचा डबा असतो. दोन चिंध्या घेतल्या, एक रॉकेलमध्ये बुडवली, एक नळाखाली धरली. त्याला डोळे मिटायला सांगितले. तो हसला, "लहानपणी आंधळी कोशिंबीर कमी खेळलीस काय," पण त्यानं डोळे मिटले. मी एक चिंधी त्याच्या नाकाशी धरली.

"रॉकेल," तो लगेच म्हणाला.

ती पाण्याची होती. दुसरी धरली. तो थांबला. त्याच्या नाकपुड्या हलल्या. मिटलेल्या पापण्यांखाली डोळे फिरताना दिसले, काहीतरी शोधत असल्यासारखे. "हीपण रॉकेल," तो शेवटी म्हणाला, आणि मग माझ्या गप्प राहण्यावरून त्याला कळलं. डोळे न उघडताच तो म्हणाला, "तिला सांगू नकोस."

"वहिनीला माहीत आहे."

"तिला काय माहीत आहे?"

"मला सगळं माहीत आहे," वहिनी म्हणाली. ती पुढच्या दारानं घराला वळसा घालून आली होती आणि ओले हात पदराला पुसत कोपऱ्याशी उभी होती. "दोन वर्षं झाली. शिळी आमटी खाता, छान झालीय म्हणता. कचऱ्याची बादली सडली तरी तुम्हाला पत्ता नसतो. मी काय आंधळी आहे?"

"मग बोलली का नाहीस?"

"बाबांनी नको म्हटलं."

दादानं डोळे उघडले.

"बाबांनी?"

"त्यांना माझ्याआधी कळलं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज खाली आला. "म्हणाले, त्याला सांगू नका. टॉर्च धरणाऱ्या माणसाच्या मनात एकदा भीती शिरली की हात थरथरतो. मग तो बिडाच्या कामाचा उरत नाही. मी आहे तोवर नेहमीसारखा सकाळी मी आधी जाईन, रात्री मी नंतर येईन. तुम्ही घरात बघा. मी घरात बघत होते." ती एकदम माझ्याकडे वळली. "मला काय ठाऊक वन्सं, हा गॅस वेगळा नि तो वेगळा! माझ्या लेखी गॅस म्हणजे गॅस. शेगडीलाही तोच आहे की."

मी बाबांचं ते वाक्य मनात पुन्हा वाचलं. एलपीजीची ज्योत आळशी. ते खोटं नव्हतं. आम्ही स्वतः खडूची रेघ मारून ते पारखलं होतं. वीस वर्षं त्याचा अर्थ तेवढाच असेल. पण या दोन वर्षांत त्या वाक्यामागे त्यांनी दुसरं एक कारण ठेवलं होतं, आणि पहिलं कारण इतकं चोख होतं की दुसरं कुणी शोधलंच नाही. निदान शेवटी तरी त्यांनी गॅस बिडासाठी निवडला नव्हता. मुलासाठी निवडला होता.

हे मी मोठ्यानं म्हणाले. मला वाटलं, त्याला बरं वाटेल.

दादा आपल्या तळहातांकडे पाहत होता. "म्हणजे मला मरू दिलं नाही," तो म्हणाला, "पण जगायचं कसं तेही सांगितलं नाही."

"दादा..."

"नाही, थांब. एक वाक्य लागलं असतं. 'तुला वास येत नाही, सिलिंडर स्वतः बंद कर.' एवढंच. मी रडलो असतो, चार दिवस हात थरथरला असता. मग शिकलो असतो. हवा तपासायचं यंत्र मिळतं, ते आणलं असतं. त्यांना काय वाटलं, ते कायम सकाळी माझ्याआधी उठणार होते?"

बाबांवर रागावण्याची ती माझी पहिली वेळ, आणि ते ऐकायला नव्हते. गेल्या चोवीस दिवसांत मी त्यांच्यासाठी रडले होते. तो राग त्या रडण्यात कुठे बसवायचा ते मला कळेना.

दहाच्या सुमाराला मी आत जाऊन आले. दुपारी पुन्हा. अंगणातून वारा आत शिरत होता, पण खड्ड्यातलं जड काही सहज वर येत नव्हतं. दादानं आणि मी दोन पुठ्ठे घेऊन काठावरून ते पाण्यासारखं उपसलं, दाराकडे लोटलं. हे हास्यास्पद दिसत असणार, दोन प्रौढ माणसं हवा उपसताना. दर थोड्या वेळानं मी पोटावर पडून डोकं खड्ड्यात घालत होते आणि दादा माझ्या तोंडाकडे पाहत होता. तीन वाजता मी म्हणाले, "गेला."

"नक्की?"

"नक्की."

त्यानं मान हलवली. ती मान हलवताना त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. आता त्याला प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या शब्दावर आत जावं लागणार होतं.

मी परवा सकाळी परत जाणार होते. माझं काम होतं, आणखी रजा नव्हती. हे तिघांनाही माहीत होतं.

"आता?" वहिनीनं विचारलं.

"आता दोन वाटा," दादा म्हणाला. तो ताठ बसला होता. कामाबद्दल बोलताना त्याला बरं वाटत होतं. "कोळसा मंगळवारी. मग तापवायचं, पावडर मारायची, राखेत निववायचं. काम शुक्रवारवर. नाहीतर एलपीजी. नवी नळी आणायची, उद्या सकाळी तापवायचं, सोमवारी सकाळी राख उपसायची. केसिंग पुलीखालून हलवता येत नाही, म्हणजे खड्ड्यातच. तिसरी वाट नाही."

"आधी साहेबांना सांगा," वहिनी म्हणाली. "सगळं सांगा. एवढी वर्षं काम देतायत. माणूसच आहेत ते. चार दिवस थांबतील."

"काम काढून घेतील."

"घेऊ देत."

मला वाटलं तो उठून जाईल. पण त्यानं फोन काढला, नंबर लावला आणि आम्ही दोघी ऐकू शकू अशा आवाजात, पाठ केल्यासारखं बोलला. "साहेब, मी बोलतोय. केसिंगचं. एक सांगायचं होतं. मला वास येत नाही. गॅसचा, कशाचाच. दोन वर्षं झाली. बाबा होते तेव्हा ते बघायचे. आज सकाळी थोडक्यात वाचलो. म्हणून म्हटलं, तुमच्या कानावर घालावं. कोळशानं केलं तर शुक्रवारपर्यंत..."

तो थांबला. पलीकडे पंपाची घरघर होती, ती आम्हालाही ऐकू येत होती. साहेब त्या आवाजावरून ओरडून बोलत होते.

"अहो, जपा जपा. तब्येत जपा. पण ते सोमवारचं नक्की ना? दुसऱ्या पंपाचं बेअरिंग आवाज करायला लागलंय."

वहिनीनं मान जोरात हलवली. नाही, नाही.

दादा तिच्याकडे पाहत होता. मी त्याच्या चेहऱ्यावर भीती शोधत होते. बाबा जिला घाबरत होते तीच भीती, आणि मला ती आता हवी होती. ती तिथे नव्हती. काम कुणी काढून घेतलं नव्हतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर फक्त सुटका होती.

"सोमवार," तो फोनमध्ये म्हणाला. "सोमवारी सकाळी माणूस पाठवा."

त्यानं फोन खिशात ठेवला आणि जुनी नळी सोडवायला पाना घेऊन वर्कशॉपच्या दाराकडे निघाला. वहिनीनं मागून त्याची बाही धरली. त्यानं ती सोडवून घेतली नाही, पण तो थांबलाही नाही. धरलेल्या बाहीसकट ती त्याच्यामागे आत गेली.